कपाचा कान

कॉफी कशी करायची, हा प्रश्न आमच्या घरात जुई झाल्यावर आला. त्याआधी आत्या करायच्या आणि आम्ही प्यायचो.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या साताऱ्याकडे सासूला आत्याच म्हणतात. त्यांची कॉफी म्हणजे निम्मं दूध, निम्मं पाणी, साखर सढळ हातानं, आणि उकळी फुटली की वरून किसलेलं जायफळ. चव काय विचारता! पण त्या कॉफीसाठी गॅसपाशी उभं राहावं लागतं, आणि दूध वर यायला आणि बाळ रडायला एकच मुहूर्त लागतो, हे ज्यांच्या घरी बाळ आहे त्यांना सांगायला नको. आमची शेगडी तेव्हा कायम चिकट असायची.

त्यातच माझी रजा संपली. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांचे आवाज ऐकणं हे माझं काम. प्रत्येक चक्कीच्या पोटात ध्वनिग्राहक बसवलेला असतो. बिघाड ओळखायला संगणक आहेच, पण ज्या आवाजाची त्याला खात्री वाटत नाही तो माणसाकडे येतो. मी घरी बसून कानाला हेडफोन लावते आणि सांगते, ही खरखर बेअरिंगची, हा नुसता वारा, ही थांबवा. वर कुणीतरी दुरुस्तीला चढलेलं असतं. मला डुलकी लागून चालत नाही.

रणजितनं कॉफीचा विषय नवऱ्यांच्या खास उत्साहानं हाती घेतला. आधी पितळी फिल्टर आणला. थेंब थेंब अर्क गळेस्तोवर जुई दोनदा उठायची, आणि मी कपाशी पोचायचे तेव्हा त्यात काही जीव उरलेला नसायचा. मग बिया दळायचं यंत्र आलं. त्याचा पहिला घरघराट ऐकून जुईनं दोन्ही हात हवेत फेकले आणि असा काही टाहो फोडला की ते यंत्र त्याच दिवशी माळ्यावर गेलं. मग इटालियन भांडं आलं, ते शेवटी शेवटी इतकं फुसफुसायचं की आत्या त्याला ‘नागोबा’ म्हणायच्या. गरम पाण्यात विरघळणारी पूड मी गपचूप वापरून पाहिली. आत्यांनी एक घोट घेतला आणि विचारलं, “ही कॉफी हाय का खोकल्याचं औषध?”

शेवटी समोरच्या दारातली नूतन म्हणाली, “तेजू, तू ‘तरतरी’ घे. एक बटण, आवाज नाही, आणि दिवसाला एकच कप. सकाळी घेतला की दिवेलागणीपर्यंत बघायला नको.” तिचा विहंग जुईपेक्षा महिन्याभरानं मोठा. ती कडेवर पोर घेऊन ताजीतवानी उभी होती. मी मात्र गाऊनवर शाल पांघरून दार उघडलेलं होतं. मी त्याच संध्याकाळी मागवलं.

यंत्र छोटंसं, पांढरं, ओट्याच्या कोपऱ्यात मावणारं. त्याची खरी करामत कपात होती. कपाच्या कानात एक बारीक पट्टी बसवलेली. आपण कान धरला की बोटांच्या घामावरून आपल्या अंगात कॉफीचा किती अंश शिल्लक आहे हे पट्टीला समजतं. पट्टी रिकामी दिसली तर यंत्र कप भरतं, अर्धी असेल तर थोडीच देतं, आणि भरलेली असेल तर देतच नाही. पहिल्या दिवशी त्यानं चौकशी केली. वय, वजन, झोप. “बाळाला अंगावर पाजता का?” मी हो म्हटलं. “बाळाला सुरक्षित राहील एवढंच प्रमाण ठेवलं आहे. अभिनंदन.”

“बघ,” रणजित म्हणाला, “पेढा न खाता अभिनंदन करणारं हे पहिलंच.”

त्या कॉफीमागचं विज्ञान रणजितनं मला जेवताना समजावलं होतं. मला ते आवडलंही होतं. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत थकव्याचे रेणू साठत जातात. त्यांना बसायला ठरलेल्या खुर्च्या असतात. त्या भरल्या की झोप येते. कॅफीन इतकंच करतं, की थकव्याच्या आधी जाऊन त्याच्या खुर्चीत बसतं. थकवा जात नाही, तो उभा राहतो. मग यकृतातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, कॅफीन तोडून टाकतं, खुर्च्या रिकाम्या होतात आणि उभा राहिलेला थकवा एकदम बसतो. म्हणून दुपारी पुन्हा कप लागतो.

तरतरीच्या कंपनीनं कॅफीनच्या रेणूतला साधा हायड्रोजन काढून तिथं जड हायड्रोजन बसवला होता. रेणूचा आकार तोच, चव तीच, पण ती जड गाठ विकराला लवकर सुटत नाही. एक कप दिवसभर पुरतो. सोबत आणखी एक घटक घातला होता, त्यामुळे धडधड नाही, हात थरथरणं नाही. शांतपणे जागं राहायचं.

आणि मी राहिले. ते दिवस आठवले की आजही वाटतं, किती छान होते. मी पठारावरचा वारा ऐकायचे, जुईला पाजायचे, पुन्हा ऐकायचे. रणजितशी भांडण नाही. आत्या कप माझ्या हातात द्यायच्या आधी त्यावर जायफळ किसायच्या. “यंत्राला काय कळतंय? जायफळाबिगर कॉफी म्हणजे कुंकवाबिगर सवाशीण.” मी हसायचे. यंत्र काही म्हणायचं नाही. माझी पट्टी जरा भरलेली दिसली की ते दुसऱ्या दिवशी थोडी कमी कॉफी द्यायचं. माझी काळजी घ्यायला ते होतं.

जुईची गुटी आत्याच करायच्या. सकाळी आंघोळ घातली की सहाण काढायची, आईचं दूध चमचाभर घ्यायचं आणि त्यात एकेक उगाळायचं. मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, शेवटी जायफळ. माप वेढ्यांचं. सहाणेवर जायफळ एकदा गोल फिरलं की एक वेढा. “पोर रडकं असलं तर दोन, शहाणं असलं तर एक,” असं त्यांचं शास्त्र. रणजितही त्यावरच वाढला होता.

जुई दुपारची झोपेनाशी झाली, तेव्हा आधी ते आमच्या लक्षातच आलं नाही. कारण ती रडायची नाही. पाळण्यात उताणी पडून छताकडे बघत राहायची. मी कामातून उठून डोकावले की तिचे डोळे उघडे. पुन्हा डोकावले, तरी उघडेच. हाक मारली की माझ्याकडे बघायची, आणि तशीच बघत राहायची.

“किती गुणाचं लेकरू,” आत्या म्हणायच्या. “आवाज न्हाई की काय न्हाई.” मग दोन-चार दिवसांनी, स्वतःशीच बोलल्यासारखं, “पण डोळा मिटत न्हाई गं. दोन वेढे देऊन बघते.”

“तीन द्या,” मी म्हटलं. मीच म्हटलं.

लसीच्या दिवशी डॉ. बर्गे मॅडमच्या दवाखान्यात रांग होती. मी जुईला मांडीवर घेऊन बसले, शेजारी नूतन विहंगला घेऊन. बराच वेळ मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. कामाची सवय, आवाज बदलला की माझे कान टवकारतात. मग कळलं. रांगेतली तीन-चार पोरं नेहमीसारखी भोकाड पसरून होती, पण बाकीची गप्प होती. आयांच्या खांद्यावरून मोठ्ठे डोळे करून नुसती बघत होती. विहंगला सुई टोचली. त्यानं सुईकडे बघितलं, मग मॅडमकडे.

“शूर आहे हो पठ्ठ्या!” मॅडम म्हणाल्या.

“माझ्या आईची गुटी,” नूतन फुशारकीनं म्हणाली. “रडत नाही म्हणजे नाही.”

जुईचं वजन फारसं वाढलं नव्हतं. मॅडमनी नाडी बघितली, जरा जलद वाटली, पण बाळांची असतेच. “पुढच्या वेळी बघू,” त्या म्हणाल्या. मी घरी आले आणि स्वतःला सांगितलं, बघू म्हणाल्यात, म्हणजे काही नाही.

पण जुई पालथी पडायची थांबली.

ती महिन्यापूर्वी पालथी पडायला शिकली होती. एका कुशीवर यायची, पाय आपटायची, हुश्श करून पोटावर पडायची आणि मान वर करून टाळ्यांची वाट बघायची. आता मी तिला सतरंजीवर ठेवायचे आणि ती उताणीच राहायची. कुशीवर वळवलं की पुन्हा उताणी. हट्ट नव्हता तो. रस्ता विसरलेल्या माणसासारखा तिचा चेहरा व्हायचा. आत्यांच्या पाटल्या वाजल्या की ती हसायची, तेही बंद झालं. आत्या मुद्दाम पाटल्या वाजवायच्या, पुन्हा पुन्हा, आणि मग हात पदराखाली घ्यायच्या.

मी कुठंसं वाचलं होतं की बाळ दिवसा जे शिकतं ते झोपेत मेंदूत पक्कं होतं. झोप नसेल तर शिकलेलं वाऱ्यावर जातं. मी ते पान बंद केलं. रणजितला सांगितलंही नाही. सांगितलं की ते खरं होईल, अशी भीती वाटत होती.

त्या सकाळी मी जुईला मांडीवर घेऊन कॉफी पीत होते. निम्मा कप झाला होता, गार होत आलेला. जुईनं हात पुढं केला आणि कपाचा कान धरला. बऱ्याच दिवसांनी तिनं स्वतःहून काही धरलं होतं. मला इतका आनंद झाला की मी रणजितला हाक मारली, “अहो, हे बघा तरी!” एरवी मी त्याला नावानंच हाक मारते, अहो कुठून आलं कुणास ठाऊक.

तो टॉवेल खांद्यावर टाकून आला. आला आणि थबकला.

“तेजू, पट्टी बघ.”

पट्टी वरपर्यंत भरली होती. माझी कधी निम्म्याच्या वर गेली नव्हती. जुईची इवली बोटं त्या कानाभोवती होती आणि पट्टी टोकाला जाऊन लाल झाली होती. ओट्यावरून यंत्राचा गोड आवाज आला. “या व्यक्तीची नोंद नाही. या व्यक्तीला आज कॉफी देता येणार नाही. उद्याही देता येणार नाही.”

मी तिची बोटं सोडवली. ओल्या फडक्यानं पुसली, कोरडी केली, माझा स्वतःचा हात लागलाय म्हणून असेल असं म्हणत कप धुतला. पुन्हा धरायला दिला. पुन्हा तेच.

“एवढीशी ती,” रणजित म्हणाला, “तिच्यात तुझ्यापेक्षा जास्त?”

जुई आमच्या दोघांकडे शांतपणे बघत होती.

बर्गे मॅडमनी रक्त तपासलं आणि तिला लगेच ठेवून घेतलं. छातीला तारा लावल्या. मग त्यांनी मला समोर बसवून विचारायला सुरुवात केली. काय खाता, काय पिता, बाळाला वरचं काय देता. मी सगळं सांगितलं. जायफळ म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

“कॅफीन तोडणारं विकर बाळाच्या यकृतात अजून पुरतं तयार नसतं,” त्या म्हणाल्या. “तुमच्या दुधातून थोडं थोडं येत होतं. थोडंच, कंपनीचं खोटं नाही. पण हे जड. हळूहळू उतरायचं, आणि त्यात जायफळ. जायफळ त्याच विकराला अडवतं. तुम्हाला अडवलं तर यंत्राला कळलं, त्यानं तुमची कॉफी कमी केली. हिचं कोण मोजणार?”

“पण त्यांनी चाचण्या केल्या असतील ना?”

“केल्या की. जिथं केल्या तिथल्या बाळांना कुणी सहाणेवर जायफळ उगाळून देत नाही.”

ते उतरवायला औषध नव्हतं. वाट बघायची. अंगावरचं दूध बंद, गुटी बंद. “झोपली की झोपू द्या,” मॅडम म्हणाल्या, “पण एकटं सोडू नका. किती दिवसांचा थकवा उभा आहे तिच्यात. तो एकदम बसेल. श्वासाकडे लक्ष ठेवा.” जे विसरलंय ते परत येईल का, असं मी विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

हृदयाचे ठोके ताळ्यावर आल्यावर आम्हाला घरी सोडलं. आत्या दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या, ओवाळून टाकायला. रणजितनं फोनवर त्यांना सगळं सांगितलं होतं. मी जुईला घेऊन आत गेले. त्या मागोमाग आल्या, हात पुढे केले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

“हात लावू नका तिला. तुम्ही तिला काहीही द्यायचं नाही आता. हातही लावायचा नाही.”

“तेजू!” रणजित म्हणाला.

“रागवू दे तिला,” आत्या म्हणाल्या. हात तसेच होते, अर्धवट पुढे. “माझ्याच हातानं झालंय. रणजितला दिलं, माझ्या नणंदेच्या पोरांना दिलं... मला काय ठावं, बाई.” त्या स्वयंपाकघरात गेल्या. जरा वेळानं फुटल्याचा आवाज आला. सहाण त्यांनी मोरीत आपटली होती. त्यांच्या आईनं दिलेली होती ती.

मी तीन वेढे म्हटलं होतं. ते तेव्हाही मला आठवत होतं, आणि तरी मी बोलले नाही.

मग वाट बघणं सुरू झालं. यंत्राची तार आम्ही काढली, पण कप ठेवला, कारण मोजायला आमच्याकडे दुसरं काही नव्हतं. रोज सकाळी मी जुईची बोटं कपाच्या कानाला लावायचे. पहिल्यांदा पट्टी हललीच नव्हती. दुसऱ्या सकाळीही नाही. मी दूध काढून बेसिनमध्ये ओतायचे आणि पाण्याचा नळ मोठा सोडायचे, जुईला ऐकू जाऊ नये म्हणून. ती बाटलीतून प्यायची आणि माझ्याकडे बघायची. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. बाळाच्या डोळ्यांखाली काळं आलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आत्या खोलीच्या उंबऱ्यापाशी बसून असायच्या. उंबरा त्यांनी ओलांडला नाही.

मग एका सकाळी पट्टीचं लाल टोक गेलं. केसाएवढं खाली. रणजितनं कप खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिला आणि तिथंच पाठ करून उभा राहिला, डोळे पुसत.

ती झोपली ती एका दुपारी. पाळण्यात नाही, सतरंजीवर, उन्हाच्या पट्ट्यात. मी खुळखुळा हलवत होते आणि तिच्या पापण्या खाली आल्या, वर गेल्या, खाली आल्या. राहिल्या.

मला वाटलं होतं, ती झोपली की माझी भीती जाईल. भीती नुसती जागा बदलून बसली. ती इतकी खोल झोपली होती की हात उचलला तर कापडासारखा पडायचा. मी तिच्या नाकाशी गाल नेऊन बसले. श्वास येत होता, मध्येच लांबत होता, मी माझाही थांबवत होते, पुन्हा येत होता. पठारावरच्या शेकडो चक्क्या मी ऐकल्यात. इतकं कान लावून मी कधी काही ऐकलं नव्हतं.

रणजित औषधं आणायला गेला होता. आत्या उंबऱ्यापाशी. सगळी इमारत दुपारची सामसूम. तेवढ्यात बाहेर लिफ्ट थांबली, समोरचं कुलूप निघालं, नूतनचा आवाज आला. कराडला माहेरी गेली होती, ती परत आली. “आलो रे राजा, आलो आपल्या घरी.” पिशव्या ठेवल्याचा आवाज. तिच्या आईचाही आवाज. त्याही सोबत आल्या होत्या.

विहंगचा आवाज नव्हता.

तासाभराचा प्रवास, भर उन्हाचा, आणि कडेवरचं पोर हूं नाही की चूं नाही. लसीच्या रांगेतले ते डोळे मला आठवले. इतके दिवस जुईपलीकडे मला काही दिसलंच नव्हतं. मॅडम म्हणाल्या होत्या, मी वर कळवते, पण वरून खाली यायला वेळ लागतो.

मी उठायला गेले आणि बसले. जुईचा श्वास पुन्हा लांबला होता. आला. फोन करू? फोनवर काय सांगू, तुझ्या शहाण्या बाळाला विष चढलंय? तिनं हसून ठेवला असता. मी तरी कुठं ऐकलं असतं, पट्टी बघितल्याशिवाय?

“आत्या,” मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली.

“विहंग पण तसाच गप्प आहे.”

त्यांना लगेच समजलं. तोंडाला पदर लागला. मग त्या म्हणाल्या, “तू जा. मी इथनंच बघते. हात लावत न्हाई मी.”

“इथून नाही दिसणार. आत या.”

त्या आल्या. सतरंजीपाशी बसल्या, हात मांडीत घट्ट धरून. मी त्यांचा उजवा हात सोडवून घेतला आणि जुईच्या छातीवर ठेवला. जुईच्या श्वासाबरोबर तो वर गेला, खाली आला.

“थांबला असं वाटलं की गालाला टिचकी मारा. आणि मला हाक मारा. जोरात.”

“मारते गं. जा.”

मी दोन्ही दारं उघडी ठेवली आणि कप घेऊन समोर गेले.

नूतन पंख्याखाली बसली होती, विहंग मांडीवर. “अगंबाई, काय हा अवतार तुझा! आणि कप घेऊन आलीस? साखर संपली वाटतं.” विहंग माझ्याकडे बघत होता. हसला नाही. बघत राहिला.

मी गुडघ्यावर बसले आणि कपाचा कान त्याच्या हाताशी नेला. त्यानं धरला.

पट्टी चढू लागली.

“आई, बघ गं,” नूतन हसत आत हाक मारत म्हणाली, “विहंगला पण पेटतंय! लाल लाल!”

स्वयंपाकघरातून सहाणेवर काहीतरी गोल गोल फिरत असल्याचा, ओला, मऊ आवाज येत होता.